कोळवणचें पाणी आणि मुंबईचा ताप

आश्विन लागला, पावसाचा जोर ओसरला, ओढ्यांचें गढूळ पाणी निवळून दगडांमधून संथ वाहूं लागलें आणि खाचरांतलें हळवें भात पिवळें पडलें, म्हणजे शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यांत तापाचे दिवस आले असें समजत. किन्हवली हें शहापूर तालुक्यांतलें, मुरबाडच्या बाजूचें गांव. भोंवतीं भातशेती, तिच्यापलीकडे माळ आणि रान, आणि रानांत विखुरलेल्या ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या वाड्या. शहापूरचा हा डोंगरी मुलूख जुन्या कागदपत्रांतून कोळवण या नांवानें ओळखला जातो. कापणीच्या ऐन घाईंत घरांतलें एक माणूस विळा घेऊन शेतांत आणि दुसरें घोंगडी पांघरून ओटीवर कुडकुडत पडलेलें, हा देखावा येथें कोणास नवलाचा वाटत नसे. भाताचा हंगाम तोच हिंवतापाचा हंगाम. जें पाणी पीक पोशी तेंच ताप आणी, आणि दोहोंची गांठ अशा वेळीं पडे कीं एक दिवस अंथरुणांत काढला तर वर्षाचें धान्य शेतांत झडून जावें.

मराठींत 'हवापाणी' असा एक जोडशब्द आहे. एखाद्या गांवचें हवापाणी मानवलें नाहीं असें म्हणतांना हवा आणि पाणी यांची फारकत करण्याची गरज आपल्या पूर्वजांना वाटली नाहीं. युरोपांतही निराळें नव्हतें. मलेरिया या शब्दाचा मूळ अर्थ 'वाईट हवा' एवढाच आहे. २० ऑगस्ट १८९७ या दिवशीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यानें डासाच्या जठरांत हिंवतापाचा जंतु पाहिला, आणि हवेवरचा आरोप मागें घेण्यांत आला. तथापि हवेची निर्दोष सुटका झाली असें म्हणतां येत नाहीं. फार तर मुख्य आरोपी न राहतां ती साथीदार ठरली. कारण डासानें रोग्याचें रक्त शोषल्यावर त्याच्या शरीरांत जंतूची वाढ पुरी होण्यास कांहीं दिवस लागतात, आणि ते किती लागावे हें उष्णतेवर ठरतें. पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसच्या उबाऱ्यांत दहा-चौदा दिवसांत काम होतें. सोळा-अठरा अंशांच्या खालीं तें जवळजवळ थांबतेंच. शिवाय डास स्वतः तेवढे दिवस जगला पाहिजे, आणि कोरड्या हवेंत तो जगत नाहीं. ऊब, ओल आणि सांचलेलें किंवा संथ पाणी हीं तिन्ही ज्या महिन्यांत एकत्र येतात तो महिना तापाचा. आमच्याकडे तो आश्विन-कार्तिकाचा संधिकाल होय.

त्यांतही डासाडासांत भेद आहे. हिंवताप वाहणाऱ्या ज्या जाती पश्चिम हिंदुस्थानांत प्रमुख ठरल्या, त्यांपैकीं फ्ल्युविॲटिलिस ही जात डोंगराच्या पायथ्याशीं, स्वच्छ व मंद वाहणाऱ्या ओढ्यांच्या कडेला, गवताच्या सांवलींत अंडीं घालते. पाऊस धो धो कोसळत असतो तोंवर तिचीं पिल्लें वाहून जातात. पाणी निवळलें कीं तिचें राज्य सुरू होतें. क्युलिसिफेसीज ही सपाटीवरची. शेतांतलीं डबकीं, पाटाचें पाणी आणि नदीच्या पात्रांत उरलेले डोह हीं तिचीं ठिकाणें. तिसरी स्टीफेन्सी, ती शहराची. विहीर, हौद, गच्चीवरची टांकी, कारंज्याचें कुंड अशा माणसानें बांधलेल्या पाण्यांत ती वाढते. म्हणजे पाऊस कसा पडला एवढें पाहून भागत नाहीं. पडलेलें पाणी माणसानें कोठें आणि कसें ठेवलें हेंही पाहावें लागतें. या तिसऱ्या जातीची हकीकत कोळवणच्या पाण्याशीं जडलेली आहे, म्हणून ती थोडी विस्तारानें सांगितली पाहिजे.

मुंबई हें बेट, त्यावर नांव घेण्यासारखी नदी नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सारें शहर विहिरींवर आणि तलावांवर जगे, आणि उन्हाळा वाढला कीं विहिरींचा तळ दिसूं लागे. १८५० नंतरच्या दशकांत टंचाई इतकी विकोपास गेली कीं शहरांतलीं गुरें माहीमकडे हलविण्यांत आलीं आणि होड्यांतून व आगगाडींतून बाहेरचें पाणी आणून तें शहरांतल्या विहिरींत ओतण्यांत आलें. (विहिरींत पाणी ओतण्याचा हा प्रकार श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा; पुढें तो पुन्हां भेटणार आहे.) अशा विहिरींच्या तळाच्या पाण्यांतूनच पटकी घरोघर जाई. पटकी पाण्यांतून पसरते हें लंडनमध्यें जॉन स्नो यानें १८५४ सालीं दाखवून दिलें होतें, पण तें सर्वमान्य होण्यास पुढें कित्येक वर्षें लागलीं. कॉलऱ्याचा जंतु ओळखून रॉबर्ट कॉख कलकत्त्याहून परतला तो १८८४ सालीं. मुंबईकरांनीं मात्र शास्त्राच्या निकालाची वाट पाहिली नाहीं. घशाला कोरड पडली होती तेवढें कारण त्यांस पुरेसें झालें. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें शहरांत आलें, १८७९ सालीं तुळशीचें आलें, आणि वाढत्या वस्तीला तेंही अपुरें पडल्यावर अभियंत्यांची दृष्टि साष्टीच्या टेकड्या ओलांडून पन्नास मैलांपलीकडच्या शहापूरच्या रानावर गेली. तानसा नदीवर सुमारें पावणेदोन मैल लांबीची दगडी भिंत उभी राहिली आणि १८९२ सालीं कोळवणांत पडलेला पाऊस मुंबईच्या नळांतून वाहूं लागला.

तानसाच्या पाण्यानें मुंबईस जें दिलें त्याचें मोल पैशांत होणार नाहीं. पटकी एका दिवसांत हटली नाहीं, पण नळाच्या पाण्याची संवय जसजशी वाढली तसतसा तिचा पाय मागें सरकत गेला. परंतु विहिरी बुजल्या नाहींत. नळ आला तरी अंगणांतली विहीर राहिली आणि तिच्यांत स्टीफेन्सी डास सुखानें नांदूं लागला. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोदीच्या प्रचंड खोदकामाच्या दिवसांत कोट भागांत व बंदरालगत हिंवताप फार वाढला, तेव्हां चार्ल्स बेंटली या वैद्यक अधिकाऱ्याकडे त्याचा तपास सोंपविण्यांत आला. त्याचा अहवाल १९११ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें बोट ठेवलें तें विहिरींवर. विहिरी बुजवा किंवा घट्ट झांका, असा त्याचा सल्ला होता.

सल्ला साधा, अंमल कठीण. पारशी आणि हिंदु या दोन्ही समाजांतून विरोध झाला. विहिरीचें पाणी पूजेस व संस्कारांस लागतें. त्यावर सूर्याचा किरण पडला पाहिजे. झांकलेलें पाणी मेलेलें पाणी, अशा भावना होत्या. यांस अडाणीपणा म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण ज्या पिढीनें आपल्या वडिलांच्या तोंडून टंचाईच्या गोष्टी ऐकल्या होत्या, तिला पन्नास मैलांवरून येणाऱ्या लोखंडी नळीवर सारा भरंवसा टाकून दारची विहीर मोडावीशी वाटली नाहीं, यांत कांहीं शहाणपणही होतें. शेवटीं तडजोड निघाली. कांहीं विहिरी बुजल्या, कांहींवर झांकण बसवून त्यांत पाणी काढण्यापुरती बंद होणारी झडप ठेवण्यांत आली. चर्चगेटजवळची भिका बेहराम यांची १७२५ सालची विहीर आजही पाणी देते आणि पूजिली जाते. एक गोष्ट मात्र उघड आहे. विहीर बंद करण्याचा आग्रह धरणें शक्य झालें तें नळाला पाणी होतें म्हणून. म्हणजे पटकीपाठोपाठ मुंबईचा हिंवताप हटविण्याची सोयही कोळवणच्या पावसानेंच करून दिली. कोळवणच्या वाड्यांवर अशी सोय कोणी केली नाहीं. तेथील ओढा आणि त्यावरचा डास दोन्ही होते तसेच राहिले.

मधल्या काळांत मुंबईवर याहून भयंकर संकट येऊन गेलें होतें. तानसाचें पाणी पोहोंचून पांच वर्षेंही झालीं नव्हतीं, तोंच २३ सप्टेंबर १८९६ या दिवशीं डॉक्टर आकासियो व्हिएगस यांनीं मांडवींतल्या एका रोग्यावरून प्लेगचें निदान केलें. नळानें पाणी आंत आणलें होतें, पण तें बाहेर काढून देण्याची व्यवस्था मागें पडली होती. शहराची जमीन ओली राहिल्यामुळें रोग आला असें त्या वेळीं कित्येक जाणते लोक मानीत. गटारें समुद्राच्या पाण्यानें धुण्यांत आलीं, घरांना चुना फांसण्यांत आला. पुण्यास घरझडतीच्या निमित्तानें गोरे शिपाई देवघरांत शिरले, आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडसाहेबाच्या खुनांत झाला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीच्या मार्चमध्यें रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं देह ठेवला, हेंही विसरतां कामा नये.

येथें पाहावयाचें तें हवामानाचें अंग. मुंबईंत प्लेग माघ-फाल्गुनांत भडके आणि वैशाखाचा उन्हाळा तापला कीं आपोआप मंदावे. पुण्यास तो पावसाळ्याच्या मध्यावर डोकें वर काढी आणि दिवाळीच्या सुमारास जोरांत असे. लोकांच्या हें ध्यानांत आलेंच होतें. १९०५ नंतर परळच्या प्रयोगशाळेंत लिस्टन वगैरे शास्त्रज्ञांनीं त्याचा कारणासह उलगडा केला. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत येतो. आणि सरासरी उष्णता ऐंशी अंश फॅरनहाइटच्या पुढें गेली व हवा कोरडी पडली म्हणजे पिसू फार दिवस तग धरीत नाहीं. पुढें १९१४ सालीं बॅकॉट व मार्टिन यांनीं आणखी खोलांत जाऊन दाखविलें कीं जंतूंचा गोळा होऊन पिसवेचा अन्नमार्ग बंद होतो, म्हणून ती भुकेनें पुनः पुनः चावते. उन्हाळ्यांत हा गोळा टिकत नाहीं. हवामान आणि सांथ यांचें नातें इतक्या बारकाईनें उकलण्याचें बरेंचसें काम मुंबईंत झालें, याचा मुंबईकरांनीं अभिमान बाळगण्यास हरकत नाहीं.

शास्त्रज्ञ उंदरापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच गांवकरी तेथें पोहोंचला होता. आगगाडीनें मुंबईहून पळालेल्या लाखों लोकांबरोबर रोग कल्याण-भिवंडीकडे आला. कल्याण स्टेशनावर उतारूंची तपासणी सुरू झाली. तपासणीच्या धाकानें लोक आडवाटेनें जाऊं लागले, तें निराळेंच. पण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक रीत पडून गेली. घरांत उंदीर मरून पडला कीं गांवानें उठावें, शेतांत किंवा माळावर पेंढ्याच्या व कुडाच्या झोपड्या घालाव्या, आणि सांथ ओसरेपर्यंत घराकडे फिरकूं नये. कोणा साहेबानें ही युक्ति शिकविलेली नव्हती. तीच पुढें सरकारी प्लेग कमिशनला सर्वांत उपयुक्त वाटली, आणि लस टोंचून घेण्याबरोबर गांव खालीं करणें हा उपाय सरकारी पत्रकांतून सांगण्यांत येऊं लागला. हाफकिन यांनीं १८९७ च्या जानेवारींत आपली लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून पाहिली होती, त्याची कीर्ति योग्यच आहे. माळावर झोपडी घालणाऱ्या पहिल्या पाटलाचें नांव मात्र कोठें लिहून ठेवलेलें नाहीं. या उपायालाही ऋतूची मर्यादा होती. शिशिरांत माळावर राहतां येतें. आषाढांत कोळवणांत राहून पाहावें!

रोग वाढवावयास पाऊस पडलाच पाहिजे असें नाहीं. तो न पडल्यानेंही तेंच होतें. १८७७, १८९९ आणि १९१८ या तीन सालीं नैर्ऋत्येच्या पावसानें देशाला मोठा दगा दिला. प्रशान्त महासागराचें पाणी पूर्वेकडे तापलें म्हणजे इकडे पाऊस रुसतो, हा जो संबंध आज 'एल निनो' या नांवानें शाळकरी मुलांसही ठाऊक आहे, त्याचा माग हिंदुस्थानच्या वेधशाळांचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनीं १९०४ पासून पुढें वीस वर्षें आंकड्यांच्या राशी उपसून काढला; त्यांना या कामास जुंपलें तें १८९९ च्या दुष्काळानेंच. दुष्काळ एकटा येत नाहीं. १९०० च्या उन्हाळ्यांत गुजरातेंतल्या दुष्काळी कामांवर पटकीनें माणसें पटापट पडलीं, कारण हजारों भुकेलीं माणसें एका डबक्यावर जमलीं. दुष्काळानंतर पाऊस चांगला झाला कीं हिंवतापाची पाळी येते. अंगांत रक्त नाहीं आणि डबक्यांत डास मावत नाहींत, अशी ती वेळ. पंजाबांत १९०८ सालीं असें घडलें, तेव्हां क्रिस्टोफर्स यांनीं गांवोगांवचे मृत्यु, पावसाचे इंच आणि धान्याचे भाव शेजारीं शेजारीं मांडून दाखविले. त्याच धाग्यावरून पुढें गिल नांवाचे अधिकारी पावसाचे व धान्याचे आंकडे पाहून शरदांतल्या तापाचें भाकीत आधींच वर्तवूं लागले. सांथीचें पंचांग करण्याचा हा प्रयत्न शंभर वर्षांपूर्वींचा आहे, हें आजच्या संगणकवाल्यांनीं लक्षांत घ्यावें.

१९१८ सालीं तर दोन्ही संकटें एकदम आलीं. जूनमध्यें मुंबई बंदरांत इन्फ्लुएन्झा उतरला. पाऊस लवकरच गडप झाला. धान्य महागलें, चारा नाहींसा झाला, खेड्यांतलीं माणसें कामाच्या शोधांत शहराकडे लोटलीं. सप्टेंबर-ऑक्टोबरांत ताप दुसऱ्यांदां उसळला आणि ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ माणसें दगावलीं. हा रोग हवेंतून जाणारा, म्हणून तो राव-रंक पाहणार नाहीं अशी समजूत होती. आरोग्याधिकाऱ्याच्या आंकड्यांनीं ती खोटी ठरविली. त्या वेळीं हलक्या मानल्या गेलेल्या जातींत दर हजारीं ६१ मृत्यु झाले, युरोपियनांत ८. रोग एक, हवा एक, पाऊस एक. खोली आणि ताट मात्र निरनिराळें. १९११ ते १९२१ या दशकांत मुंबई इलाख्याची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली.

दुसऱ्या महायुद्धानंतर मनुष्यानें हवामानाला झुगारून देण्याचा एक मोठा प्रयत्न केला. डासांचें पाणी शोधीत फिरण्याऐवजीं डास जेथें विसांवतो त्या भिंतीवरच डी.डी.टी. फवारावी, ही ती कल्पना. मुंबई प्रांतांत डॉक्टर विश्वनाथन् यांच्या देखरेखीखालीं १९४६ पासून कारवार-धारवाडकडे तिचा प्रयोग झाला, तो इतका यशस्वी ठरला कीं १९५३ सालीं सबंध देशासाठीं हिंवताप नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ सालीं 'नियंत्रण' जाऊन 'निर्मूलन' हा शब्द आला. १९६५ च्या सुमारास देशांतल्या रोग्यांची संख्या लाखाच्या घरांत उतरली. पूर्वीं ती कोटींत मोजीत.

परंतु खेड्यांतल्या कुडाच्या भिंतीनें या औषधाला पुरती दाद दिली नाहीं. माती औषध शोषून घेई. आणि सणावारीं, विशेषतः दिवाळीपूर्वीं, घरची बाई भिंत शेणामातीनें लख्ख सारवी, म्हणजे फवारलेला थर नेमका तापाच्या मोसमांत सारवणाखालीं गाडला जाई. यांत तिचा दोष काय? सणाला घर सारवूं नका असें सांगण्यापूर्वीं फवारणीची तारीखच कोणी पुढें ढकलली असती तर बरें झालें असतें. इकडे डासही औषधाला सरावले, पैसा आणि लक्ष दोन्ही कमी झालें, आणि १९७६ सालीं देशांत हिंवतापाचे ६४ लाख रोगी नोंदले गेले. 'निर्मूलन' हा शब्द त्यानंतर बरींच वर्षें जपून वापरण्यांत आला. हल्लीं तो २०३० या सालाशीं जोडून पुन्हां वापरांत आला आहे.

आजवर हवामान म्हणजे ऋतूंचें चक्र. एखाद्या वर्षीं तें डळमळे, पुन्हां ठिकाणावर येई. आणि या ठिकाणावर येण्यावरच गांवकऱ्याचे सारे अंदाज उभे होते. आतां तें ठिकाणच सरकत आहे. १९०१ पासून २०१८ पर्यंत हिंदुस्थानची सरासरी उष्णता सुमारें ०.७ अंश सेल्सिअसनें वाढली. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेंतील रॉक्सी कोल व त्यांचे सहकारी यांनीं २०१७ सालीं दाखविलें कीं १९५० ते २०१५ या काळांत मध्य हिंदुस्थानावर, पश्चिम किनाऱ्यापासून, विस्तृत प्रदेशांत एकाच वेळीं होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनें वाढल्या. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई कमरेइतक्या पाण्यांत उभी राहिली आणि पुढल्या आठवड्यांत उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप पसरला. शंभर वर्षांपूर्वीं उंदीर पिसवेच्या वाटेनें आला होता, या वेळीं पुराच्या वाटेनें आला.

डेंग्यूची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. त्याच संस्थेनें २०२५ च्या आरंभीं पुण्यापुरता जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यांत उष्णता सत्तावीस अंशांच्या वर, हवेंत मध्यम ओल आणि आठवड्याला दीडशे मिलिमीटरपर्यंतचा विखुरलेला पाऊस, या मेळाला डेंग्यू वाढतो असें आढळलें; त्याहून जोराचा पाऊस डासांचीं अंडीं व अळ्या धुऊन नेतो. म्हणजे ज्या पावसाला आपण 'बेताचा' म्हणून दुवा देतों तोच या डासाला मानवतो. आणि हा डास, एडीस, ओढ्याकडे ढुंकूनही पाहत नाहीं. त्याला घरांतलें स्वच्छ, साठविलेलें पाणी हवें असतें: रांजण, पिंप, हौद, टाकाऊ टायर. त्यामुळें पाऊस नसला तरी त्याचें अडत नाहीं. किंबहुना पाण्याची टंचाई हाच त्याचा सुकाळ, कारण टंचाईंत माणूस पाणी साठवितो.

या ठिकाणीं पुन्हां किन्हवलीच्या वाटेला लागणें भाग आहे. तानसानंतर १९५७ सालीं वैतरणेवर मोडकसागर झाला, नंतर वरची वैतरणा झाली, १९८० च्या सुमारास भातसा धरण झालें, २०१४ सालीं मधली वैतरणा झाली. यांतलीं बहुतेक धरणें शहापूर तालुक्यांत किंवा त्याच्या अगदीं लगत आहेत. मुंबईच्या रोजच्या पाण्यापैकीं निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातशाचें असतें. मुरबाडच्या बाजूला बारवी धरण आहे, त्याचें पाणी कारखान्यांना आणि कल्याण-बदलापूरच्या वस्तीला जातें. पावसाळ्यांत येथें शंभर इंच पाऊस पडतो. तो कातळावरून धांवत उताराला लागतो, आणि माघ सरतां सरतां गांवच्या विहिरी तळ गांठतात. चैत्र-वैशाखांत शहापूरच्या वाड्यापाड्यांवर टँकर सुरू होतात. मुंबईला जाणाऱ्या नळाच्या कडेनें डोक्यावर हंडे घेऊन चालणाऱ्या बायका, हें दृश्य वर्तमानपत्रांतून दरवर्षीं छापलें जातें आणि दरवर्षीं लोक हळहळतात.

टँकर आला म्हणजे काय होतें तें पाहण्यासारखें आहे. पुष्कळ ठिकाणीं तें पाणी गांवच्या कोरड्या विहिरींत ओततात आणि मग तेथून उपसतात. पावणेदोनशें वर्षांपूर्वीं मुंबईनें आपल्या विहिरींत असेंच पाणी ओतलें होतें, आणि त्या हालांतून सुटण्यासाठीं तिनें कोळवणची वाट धरली होती. ओतलेल्या पाण्यावर सारें गांव एकदम तुटून पडतें. पाणी गढूळ होतें, आणि त्यांत एखाद्या रोग्याची घाण मिसळली तर जुलाब व कावीळ घरोघर जाण्यास वेळ लागत नाहीं. पुढचा टँकर केव्हां येईल याचा नेम नसल्यामुळें घरांतलें प्रत्येक भांडें भरून ठेवावें लागतें. निळीं प्लॅस्टिकचीं पिंपें ओटीवर रांगेनें उभीं राहतात, आणि पांच-सात दिवसांत त्यांत एडीसच्या अळ्या वळवळूं लागतात. आरोग्यखात्याचा सेवक येऊन आठवड्यांतून एक 'कोरडा दिवस' पाळा, भांडीं रिकामीं करून घासून वाळवा, असें सांगतो. सल्ला शास्त्रशुद्ध आहे. ज्या बाईनें तें पाणी पहाटे तीनपासून रांगेंत बसून मिळविलें तिला तो सांगतांना त्या सेवकाचाही आवाज खालीं येत असला पाहिजे. म्हणून जाणते कर्मचारी भांडें ओतावयास न सांगतां त्याला घट्ट फडकें बांधावयास सांगतात, आणि मोठ्या टांक्यांत गप्पी मासे सोडतात. विहिरीला झडपेचें झांकण बसविण्याची बेंटलीच्या काळची तडजोड होती, त्याच जातीची ही.

आश्विनांतली जुनी तापसरी आतां पूर्वीइतकी उरलेली नाहीं. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्या, गांवोगांवच्या आशा सेविका, प्राथमिक आरोग्य केंद्रांतली रक्ततपासणी आणि नव्या गोळ्या यांनीं तिची नांगी बरीच मोडली आहे. पण कापणीनंतर ठाकूर-कातकऱ्यांचीं कुटुंबें वीटभट्ट्यांवर व शहरांतल्या बांधकामांवर निघून जातात. तेथें उघड्या टांक्या असतात, स्टीफेन्सी असतो, आणि रक्त तपासणारें कोणी नसतें. ज्येष्ठांत पेरणीसाठीं तीं परततात तेव्हां एखाद्याच्या अंगांत शहरचा ताप असतो. कोळवणचें पाणी शहरांत जातें आणि शहराचा ताप कोळवणांत येतो, असा हा उलटा फेरा आहे.

शहापूरच्या गांवांसाठीं शासनानें अलीकडे एक योजना हातीं घेतली आहे. घाटमाथ्यावर, इगतपुरी तालुक्यांतल्या भावली धरणाचें पाणी केवळ उताराच्या जोरावर, पंपावांचून, नळानें खालीं तालुक्यांतल्या गांवांना व पाड्यांना आणावयाचें, अशी ती आहे. पाणी येईल तें शेजारच्या जिल्ह्यांतून. तालुक्यांतल्या धरणांचें पाणी पूर्वींप्रमाणेंच मुंबईच्या नळांतून वाहत राहील. भावलीचें पाणी दारीं येईपर्यंत ओटीवरचीं निळीं पिंपें भरलेलींच राहणार, आणि त्यांवरचीं फडकीं दर आठ दिवसांनीं सोडून, धुऊन, पुन्हां बांधावीं लागणार.